पहिल्या बाकावरचा दरवान

डोळ्यांत थेंब घालून झाल्यावर अर्धा तास डोळे मिटून बसायचं, असं काउंटरवरच्या मुलीनं मला सांगितलं आणि वर म्हणाली, "आजी, मध्येच उघडायचे नाहीत हं!" हे असलं लाडाचं 'हं' मला अजिबात सहन होत नाही. एकतीस वर्षं मी सातवीला इतिहास शिकवला, तो काही असलं हं ऐकून घ्यायला नव्हे. म्हटलं, "मुली, मिट म्हणालीस, मिटले. आता मी काय लपाछपी खेळतेय का, मध्येच उघडायला? आणि मी तुझी आजी नाही. मी कुणाचीच आजी नाही." बाकड्यावर कुणीतरी खुदकन हसलं. मग माझ्या अगदी शेजारून एक पुरुषी, जाडसर, पण मुळीच अनोळखी नसलेला आवाज आला, "बाई, तुमची खालची कवळी सैल झालीय. 'स' म्हणताना शीळ वाजतेय." मी डोळे गच्च मिटलेले, हातात पिशवी, गालावरून थेंब ओघळताहेत, आणि हा कोण उपटसुंभ माझ्या तोंडातली कवळी काढतोय? म्हटलं, "कोण आहे तिकडे?" तर तो आवाज एकदम बारीक झाल्यासारखा, उभं राहून बोलल्यासारखा म्हणाला, "हजर, बाई. दरवान."

माझ्या छातीत काहीतरी धस्स झालं. वास्तविक धस्स व्हायचं कारण काय? जुना विद्यार्थी भेटला की मला बरंच वाटतं. रस्त्यात कुणी वाकून नमस्कार केला की दोन दिवस मी बहिणीला ऐकवत राहते. पण 'दरवान' या शब्दाबरोबर मिटलेल्या डोळ्यांपुढे तो वर्ग आला, आणि आला तो असा, की सगळा वर्ग मागे गर्दी करून बसलाय आणि पुढचे बाक रिकामे आहेत. फक्त पहिल्या बाकावर, खिडकीच्या बाजूला, एक मुलगा बसलाय. त्यानं दप्तर मांडीवर घेतलंय आणि दप्तराचा पट्टा हाताला गुंडाळलाय. डोळे उघडले असते तर ते चित्र गेलं असतं. पण उघडायचे नव्हते ना.

आता माझी शिकवायची पद्धत सांगितल्याशिवाय यातलं काही कळायचं नाही. सनावळ्या मुलांना पाठ होतात आणि परीक्षेनंतर गळून जातात, हे मी पहिल्या दोन वर्षांतच ओळखलं. माणसं मात्र राहतात. मग मी इतिहासाच्या पुस्तकातून छत्तीस माणसं निवडली, कारण वर्गात मुलं छत्तीस. शाळा सुरू झाली की प्रत्येकाला एक माणूस द्यायचा आणि इतिहासाच्या तासाला वर्षभर त्याला त्याच नावानं हाक मारायची. कुणी राणी, कुणी सरदार, कुणी पहिला छापखाना काढणारा, कुणी साथीच्या रोगात गावोगाव फिरलेली डॉक्टरीण, कुणी धरण बांधणारा. हजेरीसुद्धा तशीच. मुलांनी आपल्या माणसाबद्दल सगळं गोळा करायचं, त्याच्यातर्फे भांडायचं, त्याच्या चुका कबूल करायच्या. आणि धडा पुढे सरकत त्याच्या मरणापर्यंत आला, की त्या मुलानं उभं राहायचं, घरून लिहून आणलेलं आपलं शेवटचं वाक्य म्हणायचं, दप्तर उचलायचं आणि मागच्या बाकांवर जाऊन बसायचं. मागचे बाक मेलेल्यांचे. मेलेल्यांनी विचारल्याशिवाय बोलायचं नाही, पण पुढच्यांना अडलं तर त्यांना विचारायची मुभा होती. "बाई, मी राणीला विचारू?" "विचार." मग राणी मागून उठून ऐटीत उत्तर द्यायची. वर्षाच्या सुरुवातीला सगळे पुढे दाटीवाटीनं बसलेले असायचे, आणि जसजसं वर्ष सरायचं तसतसा वर्ग मागे सरकत जायचा. मुलं मरायला इतकी उतावीळ असायची म्हणून सांगू! "बाई, माझं कधी? बाई, उद्या मी आहे ना?" साथीचा धडा आला त्या दिवशी एका तासात पाच जण गेले, तो काय गोंधळ, बाकांचा खडखडाट, आणि हेडमास्तर दारात येऊन म्हणाले, "बाई, तुमच्या वर्गात मरण जरा जास्तच मजेचं झालंय." मला त्यांचा राग नाही आला. उलट छाती फुगली.

"बाई, झोपलात का?" शेजारचा आवाज म्हणाला. मी म्हटलं, "झोपायला काय झालंय? आठवतेय." तो म्हणाला, "आईला आणलंय. मोतीबिंदू काढताहेत, आत नेलंय तिला." मग त्यानं आपण होऊन सांगितलं की तो कवळ्या करतो, दाताचे डॉक्टर मापं पाठवतात, पलीकडच्या गल्लीत त्याचं छोटं वर्कशॉप आहे, दोन मुली आहेत, मोठीचं शिक्षण संपत आलंय. छान, भरलेल्या माणसाचा आवाज होता. दुखावलेल्या माणसाचा नव्हता, हे मी मुद्दाम सांगते. म्हणूनच मी हसत विचारलं, "तुम्ही सगळे अजून भेटता म्हणे. राणीचा फोन आला होता, रविवारी जुन्या वर्गात जमताय, मला तास घ्यायला बोलावलंय. येशीलच तू." मग म्हणाला, "मी नाही जात, बाई. एकदा गेलो होतो. तिथे गंमत म्हणून सगळे मागे जाऊन बसतात. आणि मला पुढे बसवतात, एकट्याला." आणि हसला. "तुम्ही मला मागे पाठवलंच नाहीत ना."

पाठवलं नाही. कसं पाठवणार? पुस्तकात दरवानाबद्दल साडेतीन ओळी. शत्रूनं किल्ल्याला वेढा घातला, सरदार त्याच रात्री चोरवाटेनं निसटला आणि पुढे नऊ वर्षं लढत राहिला, आणि पहाटे दरवानानं किल्ल्याचं दार उघडलं. संपला दरवान. तो कुठला, त्याचं पुढे काय झालं, कधी मेला, काही नाही. आणि नियम म्हणजे नियम. मरणाची नोंद नाही, तर मागे जाता येत नाही. त्या वर्षी सुरुवातीला तो सारखा हात वर करायचा, "बाई, मी?" मी म्हणायची, "तुझं पुस्तकात नाही रे. थांब." वर्ग हसायचा. मीही हसायची, खोटं कशाला बोलू? पुढे त्यानं हात वर करणं सोडलं. एकेक जण उठून गेला, शेवटी धरण बांधणाराही गेला, आणि शेवटचे सहा-सात तास मी एका मुलाला शिकवत होते आणि पस्तीस मेलेले मागून बघत होते. फळ्यावर लिहिताना पाठीमागे इतकी सामसूम असायची की खडूचा आवाज मोठा वाटायचा. शेवटच्या दिवशी मी घाईत होते, परीक्षेच्या सूचना द्यायच्या होत्या. "आणि असा हा आपला देश आजवर आला," असं काहीतरी म्हटलं, घंटा झाली, मुलं धावली. तो दप्तर मांडीवर घेऊन बसलेला होता, हे मी पाहिलं होतं. पाहिलं आणि हजेरीपट उचलून निघून गेले.

तेवढ्यात आतून त्याच्या आईला बाहेर आणलं. मला दिसत काहीच नव्हतं, पण चपला घासत येणारी पावलं ऐकू आली, आणि त्यानं उठून तिला बसवलं. "आई, या माझ्या शाळेतल्या बाई." म्हातारी म्हणाली, "इतिहासाच्या?" एका डोळ्याला पट्टी बांधलेली म्हातारी आणि दोन्ही डोळे मिटलेली म्हातारी, काय जोडी! मीच काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "तुमचे मिस्टर आमच्या शाळेच्या गेटवर होते ना? फार चोख माणूस." ती म्हणाली, "हो. त्यांना तुम्हाला एक विचारायचं होतं. एकदा विचारलं म्हणे, पण तुम्ही घाईत होता. शेवटपर्यंत अधूनमधून काढायचे. जाऊन नऊ वर्षं झाली." मी विचारलं, "काय विचारायचं होतं?" "ते मला कुठलं कळायला," ती म्हणाली, "तुमचं पुस्तकातलं काहीतरी." मग काउंटरवरच्या मुलीनं माझं नाव पुकारलं, आजी न म्हणता, आणि मी भिंत चाचपडत आत गेले.

घरी आल्यावर संध्याकाळपर्यंत मला सगळं पाण्यातून पाहिल्यासारखं दिसत होतं. उजेड टोचत होता. धाकट्या बहिणीनं पडदे ओढले, चहा हातात दिला आणि म्हणाली, "ताई, तोंड का एवढंसं झालंय? डॉक्टर काही बोलले का?" आम्ही दोघीच असतो घरात, तिला न सांगता मला पचत नाही. सगळं सांगितलं. ती जन्मभर पोस्टात तिकिटं विकत बसली, पण कधीकधी असं नेमकं बोट ठेवते की अंगाचा तिळपापड होतो. म्हणाली, "पण त्यालाच का दिलास दरवान? चिठ्ठ्या टाकल्या होत्यास का?" म्हटलं, चिठ्ठ्या कशाला? मी विचार करून द्यायची. ज्याच्या घरात जे काम, त्या कामाचा मोठा माणूस त्याला. मला तर तो माझा शोध वाटायचा. छापखानेवाल्याच्या मुलीला पहिला मुद्रक दिला, तर ती घरून छपाईचे शिशाचे खिळे घेऊन आली आणि सगळ्या वर्गानं बोटं काळी केली. गवंड्याच्या मुलाला किल्ला बांधणारा दिला. फौजदाराच्या मुलाला सरदार. आणि गेटवरच्या माणसाच्या मुलाला... मी थांबले. बहीण माझ्याकडे बघत होती, ते मला दिसलं नाही, पण कळलं. "काय गं बाई ही," ती म्हणाली, "छत्तीसांत एक फितूर, आणि तो नेमका वॉचमनच्या पोराला!" मी कप ठेवून दिला. खरं सांगते, बेचाळीस वर्षांत हे एकदाही माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मला वाटलं होतं, बाप दारावर, मुलगा दारावर, जमलं की! त्या वर्षी मैदानावर सामना हरला तरी पोरं म्हणायची, दरवानानं दार उघडलं. खिडकी फुटली, दरवान. कुणाची चुगली झाली, दरवान. मी ऐकायची आणि मनात म्हणायची, बघा, इतिहास कसा अंगात भिनलाय मुलांच्या. कसला भिनलाय, डोंबल!

आणि मग त्या पाणीदार, पिवळ्या उजेडात मला तो माणूस आठवला. वॉचमन. उंच, जरा पोक काढून चालणारा, खाकी सदरा, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. तो जुडगा तो मुठीत धरून चालायचा, तास चालू असताना वाजू नये म्हणून. मी वह्या तपासत शाळेत उशिरापर्यंत थांबायची, तेव्हा रोज संध्याकाळी तो ऑफिसच्या दारात येऊन हेडमास्तरांना सांगायचा, "किल्ली जागेवर ठेवलीय." बस, तेवढंच वाक्य. हेडमास्तर मान वर न करता 'हं' म्हणायचे. एकदा मी बसच्या घाईत गेटबाहेर पडत होते आणि तो पुढे झाला. "बाई, एक विचारू? त्या दरवानाला दार उघडायला कुणी सांगितलं?" मला प्रश्नच कळला नाही. मी म्हटलं, "सांगायचंय कुणी? सोन्याची थैली मिळाली, उघडलं." तो म्हणाला, "तसं पुस्तकात आहे?" आणि मी म्हटलं, "हो." पुस्तकात नव्हतं. थैली मी घातली होती, मुलांच्या नीट लक्षात राहावं म्हणून. तो म्हणाला, "नाही, काय आहे बाई, सतरा वर्षं दारावर आहे. सांगितल्याशिवाय दार उघडत नाही कुणी. म्हणून विचारलं." बस येत होती. मी "बरं, बरं" म्हटलं आणि पळाले. बसमध्ये जागा मिळाली होती, खिडकीची, हेसुद्धा मला आठवलं.

दोन दिवस मी घरात येरझाऱ्या घातल्या. बहीण म्हणाली, जुनं झालं, त्याला काय त्याचं, कवळ्या करून सुखात आहे तो. म्हटलं, सुखात आहे म्हणून काय झालं? मला एकच हवं होतं, की रविवारी तो यावा आणि त्याला मी मागे पाठवावं. बाकी माझ्या सगळ्या शिकवण्याचं काय व्हायचं ते होवो. तिसऱ्या दिवशी मी त्याचं वर्कशॉप शोधत गेले. निमित्त होतंच तोंडात. खोली लांबुळकी, टेबलावर दिव्याखाली प्लास्टरचे जबडे ओळीनं मांडलेले, मेणाचा आणि तापलेल्या धातूचा वास, आणि तो कानाला चष्म्याची दोरी लावून एक दात कानशीनं घासत बसलेला. केस पांढरे झालेत, पोक बापाचाच. "या बाई! काढा खालची," तो म्हणाला, जणू मी रोज येते. मी म्हटलं, "आधी मला बोलायचंय." "आधी काढा. आतून पातळ थर चढवावा लागेल, तो बसायला वेळ लागतो. तोवर बोलू." काढली. आता खालची कवळी नसताना माफी मागायची म्हणजे काय, ते ज्याच्यावर आलंय त्यालाच कळेल. मी मोठ्या तयारीनं वाक्यं जुळवून आले होते. तोंडातून नुसतं फसफस! मी सांगत होते की थैली पुस्तकात नव्हती, मी घातली, तुझ्या वडलांना मी खोटं सांगितलं, आणि तुला दरवान दिला तो बिनडोकपणे दिला, आणि शेवटच्या दिवशी तू बसलेला मला दिसला होतास. ओठ आत जात होते, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते थेंबांचं नव्हतं. तो हातातली कवळी फिरवत, माझ्याकडे न बघता ऐकत होता.

सगळं झाल्यावर म्हणाला, "बाई, निम्मं कळलं नाही." मी हातानं कपाळ बडवून घेतलं. मग म्हणाला, "निम्मं कळलं." त्यानं दिवा थोडा बाजूला केला. "मला फितूर असल्याचं एवढं काही नव्हतं हो. पोरं काय, कुणालाही काहीही म्हणतात. पण तिथे बसून एकेक पोर उठून मागे जाताना बघायचं, आणि मग मागून सगळे आपल्याकडे बघताहेत, आणि आपल्याला वळून बघता येत नाही, कारण तुम्ही शिकवताय. मान दुखायची. अजून दुखते, खोटं नाही सांगत, कुठे पहिल्या रांगेत बसलो की. मुलीच्या शाळेत गेलो तरी मी मागे उभा राहतो." मी विचारलं, म्हणजे विचारायचा प्रयत्न केला, की शेवटचं वाक्य लिहिलं होतंस का रे? ते त्याला बरोबर कळलं. "लिहिलं होतं की. रोज दप्तरात असायचं. म्हटलं, न जाणो बाईंना पुस्तकात काही सापडलं तर." कवळी माझ्या हातात देत तो म्हणाला, "घाला. आता 'स' म्हणा." मी म्हटलं, "सरदार." शीळ वाजली नाही. "येशील रविवारी?" मी स्वच्छ विचारलं. तो म्हणाला, "बघू," आणि पुन्हा कानस उचलली.

रविवारी सकाळी मी वर्गात शिरले तेव्हा दाराच्या चौकटीला हात लावला, नकळत. बाक तेच होते, रंग बदललाय, फळा पांढरा झालाय. मागे सगळे बसले होते. पोटं सुटलेली, टकलं, चष्मे, आणि तरी मला एकेक जण ओळखू येत होता. राणी अजून मान तशीच वर करून बसते. मुद्रक मोठ्या चष्म्यातून हसत होती. डॉक्टरीण आणि किल्ला बांधणारा आले नव्हते, ते खरंच गेले, आणि त्यांची जागा कुणी न सांगता रिकामी ठेवली होती. फौजदाराचा मुलगा, आमचा सरदार, शेवटच्या बाकावर मावत नव्हता. स्वतः मोठ्या हुद्द्यावरून मुदतीआधीच निवृत्त झालाय, आवाज अजून घुमतो. "बाई, सगळे मेले, आता शिकवा!" तो ओरडला आणि हशा पिकला. मी हजेरी घ्यायला लागले. अर्ध्यावर आले तेव्हा दारात तो उभा होता. पॅन्टच्या खिशात हात, खांद्याला एक जुनी पिशवी. "आला, आला, दरवान आला! पुढे, पुढे!" सगळे टाळ्या वाजवायला लागले. वाईट नव्हतं कुणाच्या मनात, शपथेवर सांगते. तो पहिल्या बाकावर, खिडकीच्या बाजूला बसला, आणि त्यानं पिशवी मांडीवर घेतली.

मी टाळ्या थांबायची वाट पाहिली. मग म्हटलं, "आज एकच धडा आहे. तुम्हाला शिकवताना मी एक खोटं घातलं होतं. सोन्याची थैली पुस्तकात नाही. पुस्तकात एवढंच आहे, की पहाटे दरवानानं दार उघडलं. आणि गेटवरच्या वॉचमननं मला एक प्रश्न विचारला होता, तो मी बेचाळीस वर्षं तसाच ठेवला. तो आज विचारते." माझा आवाज कापत होता, पण कवळी घट्ट होती, देव त्याचं भलं करो. "दरवान, दार उघडायला तुला कुणी सांगितलं?"

त्यालाही हे अपेक्षित नव्हतं. तो उभा राहिला, बाकाच्या कडेवर बोटं टेकली आणि म्हणाला, "पुस्तकात नाही, बाई." मी म्हटलं, "पुस्तक राहू दे. तुला विचारतेय." त्याची मान किंचित वळल्यासारखी झाली, मागे बघावं की नाही असं, आणि परत सरळ झाली. म्हटलं, मी हे काय करून बसले, परत एकदा सगळ्यांसमोर उभं केलं याला! आणि तेवढ्यात मागून बाक करकरला. सरदार उठून उभा राहिला होता. मेलेल्यांनी विचारल्याशिवाय बोलायचं नाही, हा नियम त्याला ठाऊक होता, म्हणून हात वर करून उभा होता, एवढा मोठा माणूस. मी मानेनं 'बोल' म्हटलं. "मी सांगितलं असेल, बाई," तो म्हणाला. तो घुमणारा आवाज कुठे गेला होता कोण जाणे. "मला त्या रात्री बाहेर पडायचं होतं, आणि पहाटेपर्यंत मी चोरवाटेवरच असणार. पुढचं दार उघडल्याशिवाय शत्रूचं मागच्या वाटेवरून लक्ष कसं निघणार? मीच सांगितलं असेल. आणि मग पुढे कुणी विचारलं नाही, म्हणून मी बोललो नाही." मग जरा थांबून म्हणाला, "खिडकीची काचसुद्धा मीच फोडली होती." कुणी हसलं नाही. तो खाली बसला.

खरं काय झालं होतं, ते कुणालाच माहीत नाही. मलाही नाही, आणि मी मुलांना तसं स्पष्ट सांगितलं. मुलांना म्हणजे, या पन्नाशी उलटलेल्या लोकांना. मग मी पहिल्या बाकापाशी गेले. फळ्याजवळून नाही, अगदी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, "दरवान, आता तू म्हातारा झालास आणि गेलास. कधी, कुठे, ते तुझं तुला ठाऊक. तुझं शेवटचं वाक्य?" त्यानं पिशवीत हात घातला आणि चौपदरी कागद काढला. घड्यांवर पिवळा झालेला. त्यानं तो उघडला, पण वाचला नाही, हातात नुसता धरून ठेवला. आणि मान सरळ ठेवून, कुणीतरी मान वर न करता ऐकत असल्यासारखं, हळूच म्हणाला, "किल्ली जागेवर ठेवलीय."

मला एकदम रडू फुटलं. लपवायचा प्रयत्नही केला नाही. तो पिशवी उचलून मागे गेला. राणी सरकली, मुद्रकानं हात पुढे केला, सरदारानं बाकावरचं आपलं जाकीट उचलून जागा केली, आणि तो त्यांच्या मध्ये जाऊन बसला. बसल्यावर त्यानं पहिल्यांदा मान डावीकडे वळवली, मग उजवीकडे. सगळा वर्ग मागे, आणि पुढे सगळे बाक रिकामे. धडा संपला होता. जवळ होता त्या पहिल्या बाकावर मी बसले. खिडकीतून मैदान दिसतं तिथून, आणि गेट. मागे सगळे, आणि माझ्या मानेवर त्यांचं ते बघणं येऊन बसलं. वळावंसं वाटलं, पण धीर होईना.

"बाई, तिथं एकट्यानं बसायचं नाही," मागून तो म्हणाला.

मी डोळे पुसत, न वळता म्हटलं, "मेलेल्यांनी विचारल्याशिवाय बोलायचं नाही."

बाक करकरला. पावलं आली, सावकाश, पोक काढून चालणाऱ्या माणसाची. पिशवी माझ्या शेजारी टेकली.

"सरका जरा," तो म्हणाला.

मी सरकले.